खाराचा मक्ता आणि गॅसची नळी

लोणारच्या सरोवरातून एकेकाळी खार निघायचा आणि त्यावर कितीतरी घरं चालायची, हे आता आमच्या गावातल्या पोरांनाही सांगावं लागतं. त्यांना सरोवर माहीत आहे ते उल्केमुळे, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं म्हणून, नाहीतर नवरात्रातल्या कमळजादेवीच्या यात्रेमुळे. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला. पाठ्यपुस्तकात विवराचा व्यास आणि खोली असायची, खाराबद्दल एक ओळ नसायची. म्हणून हा विषय मी वर्गात नेहमी वेगळा शिकवत आलो.

धंदा जुना आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडाच्या वर्णनात लोणार येतं ते मेहकरच्या अंगाने. मोठं तीर्थ म्हणून त्याचं नाव आहेच, पण काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यापासून सरकारला बरा महसूल येतो, अशीही नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकातही दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला लोणारचं देऊळ जितकं ठाऊक होतं, तितकाच इथला महसूल ठाऊक होता. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. हे विवर उल्केच्या आघाताचं आहे, हे खडकांच्या पुराव्यानिशी जगासमोर यायला मात्र १९७३ उजाडलं. उल्का कळायच्या आधी जवळपास चारशे वर्षं लोणारची ओळख खारावर होती.

खार तयार कसा होतो, ते सोपं आहे. विवराला आत येणारे झरे आहेत, बाहेर जाणारी वाट नाही. बेसाल्ट खडकातून झिजून आलेले क्षार पाण्याबरोबर आत येतात, पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. चैत्र-वैशाखात पाणी काठापासून मागे सरलं की तळावर आणि काठावर पांढरट थर धरायचा. मजूर गुडघाभर चिखलात उतरून तो गोळा करायचे, काठावर वाळवायचे. त्याच्या प्रतींना वेगवेगळी नावं होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कुणी बांगड्यांच्या काचेसाठी घ्यायचं, कुणी साबणाला, कुणी कापड रंगवायला. पाऊस चांगला झाला की सरोवर भरायचं आणि खार कमी निघायचा. दुष्काळ पडला की खार भरपूर. शेत बुडालं त्या वर्षी खाराची मजुरी मिळायची, आणि आमच्या भागातल्या गरिबाला हा आधार लहान नव्हता.

माझी आजी उडदाच्या पापडाला बाजारातला पापडखार वापरत नसे. ओळखीच्या बाईकडून आलेला सरोवराचा खार ती पाण्यात टाकून उकळायची, गाळ खाली बसू द्यायची आणि वरचं निवळ पाणी तेवढं पिठात घ्यायची. ते पाणी ती आधी जिभेला लावून बघायची. जास्त झालं तर पापड लाल पडतो, कमी झालं तर फुलत नाही. सोडियम कार्बोनेट हे खाराचं नाव तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण त्याची ताकद जिभेवर अचूक ओळखायची.

खार गावचा होता, मालकी मात्र गावची कधीच नव्हती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि सरोवराचा हक्क नव्या सरकारकडे गेला. खार काढायचा तो मक्त्याने. मक्तेदाराने सरकारात पैसे भरायचे, मजुराने माल काढायचा, भाव ठरायचा दूरच्या बाजारात. जमिनीतून जे निघतं ते सरकारचं, ही समजूत मिठाच्या बाबतीत तर फारच कडक होती. १९३० मध्ये अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून लोकांनी मीठ केलं आणि कायदा मोडला. दांडीला समुद्र होता, वऱ्हाडात विहीर होती, हक्काचा प्रश्न तोच होता.

आणि मग धंदा बसला. त्याला कुठला कायदा कारण झाला नाही, मोर्चाही नाही. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने मीठ आणि चुनखडीपासून कारखान्यात सोडा, म्हणजे हाच खार, करायची स्वस्त रीत काढली. पूर्व आफ्रिकेतल्या मगादी सरोवरावर १९११ मध्ये कंपनी उभी राहिली, तिथला सोडा रेल्वेने मोंबासा बंदराला जाऊ लागला. १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूरला कारखाना आला. रेल्वे नसलेल्या गावातून बैलगाडीने निघणाऱ्या खाराचा त्यांच्यापुढे काय पाड लागणार? सरोवर आज शिल्लक आहे त्याचं मोठं श्रेय, माझ्या मते, धंदा बुडण्याला आहे. २००० साली अभयारण्य झालं, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, हे सगळं नंतरचं. धंदा तेजीत राहिला असता तर काठावर कारखाना उभा राहिला असता आणि रामसरला द्यायला काही उरलं नसतं.

पण जे हात चिखलात उतरत होते, त्यांचं पुढे काय झालं याची नोंद कुणी ठेवली नाही. सरकारी कागदांत खाराचं पृथक्करण आहे, प्रतींची नावं आहेत. मजुरांचं पान नाही. मला या इतिहासात सगळ्यात जास्त हेच बोचतं.

खाराच्या मक्त्याचे दिवस गेले, आता इंधनाची नळी आमच्या तालुक्याच्या शिवारातून जाते. मुंबईहून नागपूरमार्गे ओडिशातल्या झारसुगुड्यापर्यंत सुमारे १७०० किलोमीटरची ही गेलची नैसर्गिक वायूची वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने एका अरुंद पट्ट्यातून आली आहे. महामार्गासाठी जमिनी गेल्या तेव्हा २०१६-१७ मध्ये ठिकठिकाणी मोठा विरोध झाला होता, नंतर वाढीव मोबदल्यावर खरेदीखतं झाली. नळीसाठी पुन्हा वेगळी शेतं फारशी घ्यावी लागली नाहीत, हे बरं झालं. एरवी अशा नळीला १९६२ चा कायदा लागतो. त्यात जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, वापराचा हक्क तेवढा जातो. मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के, आणि त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. सातबारा हातात, पण त्यावर आंबा लावता येत नाही, ही स्थिती ज्याने पाहिली त्याला मक्त्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. याच जिल्ह्याने मागितलेली खामगाव-जालना रेल्वे इंग्रजांच्या काळापासून, शंभरावर वर्षं, कागदावर आहे. महामार्ग आणि गॅस काही वर्षांत आले. कुणाला काय लागतं यावर काय लवकर येतं ते ठरतं.

कॅनडात हाच वाद मोठ्या आवाजात चालू आहे. अल्बर्टा प्रांताचं पोट तेलावर, ते तेल समुद्राला न्यायचं तर ब्रिटिश कोलंबियातून नळी टाकावी लागते, आणि तिथल्या अनेक आदिवासी समाजांचा आणि किनाऱ्यावरच्या लोकांचा विरोध. २०१८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ट्रान्स माउंटन ही वाहिनी साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२४ मध्ये वाढीव नळी सुरू झाली तोवर खर्च चौतीस अब्जांच्या घरात गेला होता. एका हाताने तेलाची नळी, दुसऱ्या हाताने कार्बनवर कर. त्यातला सामान्य ग्राहकावरचा कर १ एप्रिल २०२५ पासून उठला. आपल्याकडे नाणारची रिफायनरी आठवा. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायचा प्रकल्प, २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाला, मग जागा बारसूला सरकली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाला आलेल्या यंत्रांपुढे राजापूर तालुक्यातल्या बायका सड्यावर उन्हात बसल्या. त्यांना विकासविरोधी म्हणणं मला पटत नाही. आंबा, मासा आणि कातळशिल्पं यांचा हिशेब प्रकल्पाच्या अहवालात कुठल्या रकान्यात आहे, एवढंच त्या विचारत होत्या.

या वादांमागे असलेला हवामानाचा प्रश्न लोणारला ऐकीव नाही. सरोवराचं पाणी पावसावर हलतं. २०२० मध्ये पाणी कमी होऊन क्षारता वाढली, क्षारात वाढणारे सूक्ष्म जीव फोफावले आणि रंग बदलला, असं तपासणीत निघालं. अलीकडे पाणी उलट इतकं चढलं की काठावरच्या मंदिरांत शिरलं. गोडं पाणी वाढलं तर हजारो वर्षं जमलेला खारेपणा पातळ होतो, आणि त्या खारेपणावरच इथली सगळी जीवसृष्टी उभी आहे. म्हणून कोळसा आणि तेल कमी झालं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. गॅससुद्धा कायमचा उपाय नाही.

मात्र कमी करायचं कसं, इथे खाराचा इतिहास कामाला यावा. सौरऊर्जा स्वस्त होत चालली आहे. कोळसा लोणारच्या खारासारखाच एक दिवस भावात मार खाईल, त्यासाठी ठरावाची वाट बघावी लागणार नाही. कॅनडाने २०२४ मध्ये ऊर्जेच्या बदलात कामगारांचं काय, यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो पुरेसा आहे की नाही यावर तिथे भांडण आहे, पण निदान प्रश्न कागदावर आला. विदर्भात चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, आमच्या शेजारी अकोल्यात पारसचं वीजकेंद्र आहे, भोवती खाणी आहेत, राखेच्या गाड्या आहेत, कंत्राटी मजूर आहेत. त्यांची गाववार यादी, कोणाला कोणतं काम येतं याच्या नोंदीसकट, जिल्हा नियोजन समितीने संचांची चाकं फिरत आहेत तोवरच करावी. कंत्राटी मजुरांची नावं त्या यादीत सगळ्यात आधी यावीत, कारण धंदा बसला की पहिल्यांदा तेच कागदावरून जातात.