प्राचीन कारागिरीचे लोकदर्शन (अहमदनगर जिल्हा)

प्राचीन कारागिरीचे लोकदर्शन : उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि त्या घडविण्याच्या जुन्या रीती प्रदर्शने, व्याख्याने, स्थळदर्शन व प्रत्यक्ष प्रयोग यांच्या द्वारे सर्वसामान्य लोकांपुढे मांडण्याचा उपक्रम. वस्तू जतन करणे हे संग्रहालयाचे मूळ कार्य होय. परंतु वस्तूमागील हस्तकौशल्य वस्तूबरोबर जतन होत नाही. ते कारागिराबरोबर नाहीसे होते आणि पुढे केवळ अनुमानाने किंवा प्रयोगाने पुन्हा समजून घ्यावे लागते. अशा लोकदर्शनाला लागणारी साधनसामग्री महाराष्ट्रात ज्या मोजक्या प्रदेशांत विपुल आहे, त्यांत अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरा नदीच्या खोऱ्याचा क्रम वरचा लागतो. येथे पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडींपासून रोमन व्यापाराच्या काळातील मद्यकुंभांपर्यंतचे अवशेष एकाच नदीच्या काठी मिळाले आहेत.

स्थळे व उत्खनने : संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले गेले. ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत नाशिकच्या उत्खननाबरोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या रंगात नक्षी काढलेली तांबडी मृत्पात्रे, गारेच्या जातीच्या दगडाची लहान पाती आणि तांब्याचा बेताचा वापर ही वैशिष्ट्ये असलेल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावावरूनच जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले [→ जोर्वे].

यानंतर १९५४–५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे नेवासे येथील लाडमोड टेकाडावर उत्खनन झाले. नेवासे हे ज्ञानेश्वरीच्या रचनेचे स्थान म्हणून मराठी माणसाच्या मनात रुजलेले आहे. उत्खनकांनी मराठा व मुसलमानी अमदानीतील थरांपासून खाली जाऊन सातवाहनकालीन, मग ताम्रपाषाणयुगीन आणि नदीपात्रातील गाळाच्या थरांत पुराश्मयुगीन अवशेष उजेडात आणले. १९६० मध्ये निघालेल्या वृत्तांताच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे झालेला हा प्रवास नोंदलेला आहे. जवळच्याच चिरकी येथे गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननात हातकुऱ्हाडी व फरश्या मोठ्या संख्येने मिळाल्या.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे या खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ होय. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ते शोधून काढले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे म. न. देशपांडे (१९५८-५९), एस्. आर्. राव (१९७४-७५) व शं. अ. साळी (१९७५-७६ ते १९७८-७९) यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनने झाली. प्रवरेच्या डाव्या काठावरील या पांढरीत सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक आढळले. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. सु. २२०० ते १००० असा आहे. जोर्वे काळात वस्तीचा विस्तार सु. ३० हेक्टरांपर्यंत गेला होता. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. त्यामुळे हडप्पा संस्कृतीचा संपर्क गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचल्याचे निश्चित झाले [→ दायमाबाद].

पाषाणकाम : या खोऱ्यात दगड घडविण्याच्या तीन निरनिराळ्या परंपरा दिसतात. चिरकीचा कारागीर बेसाल्टसारख्या काळ्या दगडाचे मोठे छिलके काढून त्यांना घाव घालीत धार आणी. मध्य पुराश्मयुगात चर्ट, जास्पर यांसारख्या बारीक पोताच्या दगडांच्या छिलक्यांपासून तासण्या केल्या जात. या अवजारांना नेवासे येथील शोधामुळे ‘नेवासियन’ ही संज्ञा सांकळियांनी रूढ केली. तिसरी परंपरा ताम्रपाषाणयुगीन पात्यांची. कॅल्सेडनीच्या गाभ्यावर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी छिलके काढून प्रथम एक नागमोडी कणा तयार करीत. या कण्यावर नेमका दाब दिला, की त्याच्या रेषेत एक लांब पाते सुटे होई आणि त्याने पाडलेल्या खुणांच्या आधाराने पुढची समांतर बाजूंची पाती निघत. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून विळा वा सुरी सिद्ध होई. अखंड पात्यांपेक्षा कण्याचे तुकडे, फुटके गाभे व टाकाऊ छिलके यांवरूनच ही पद्धत अभ्यासकांना उलगडली. संग्रहालयाच्या कपाटात मात्र या टाकाऊ मालाला सहसा स्थान मिळत नाही.

मृत्पात्रे : जोर्वे मृत्पात्रे चाकावर घडविलेली, चांगली भाजलेली व टिचकी मारली असता खणखणीत नाद देणारी आहेत. पोटाला कंगोरा असलेले वाडगे, तोटीची भांडी व गोल बुडाचे रुंद तोंडाचे घट हे त्यांतील प्रमुख आकार होत. तोटी वेगळी करून ओल्या भांड्याला जोडीत. सांधा नीट न बसल्यास भाजताना तो उकले. म्हणून एका साध्या तोटीच्या भांड्यातही माती मळणे, चाक, जोडकाम, रंग व भट्टी अशा पाच टप्प्यांवरील कौशल्य एकवटलेले असते. याउलट धान्य साठविण्याचे रांजण व मुलांच्या दफनासाठी वापरलेले कुंभ हाताने घडविलेले आणि जाडेभरडे आहेत. या काळी मृत बालकाला दोन कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांस लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत असत. एकाच वस्तीत ही दोन्ही प्रकारची भांडी मिळतात, यावरून काम पाहून पद्धत निवडण्याची तत्कालीन कारागिरांची समज दिसून येते.

सूत व मणी : नेवासे येथील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते. तांब्याच्या क्षारांमुळे ते कुजले नाहीत. परीक्षणात हा धागा कापसाच्या गाभ्याभोवती रेशमाचे तंतू वळून केलेला असल्याचे आढळले. कापड स्वतः उरले नसले, तरी कताईची प्रगती सांगणारा हा पुरावा एका बालकाच्या गळ्यातील दागिन्याने जपला.

धातुकाम : दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात तांब्याच्या खाणी नाहीत, धातू दूरवरून आणावा लागे. त्यामुळे तांबे जपून वापरले जाई आणि नित्याची कामे दगडी पात्यांवर भागविली जात. जोर्वे येथील एका कुऱ्हाडीत कथिलाचे अल्प प्रमाण (सु. १·७८ टक्के) आढळले आहे. दायमाबादच्या तिसऱ्या कालखंडात तांबे गाळण्याच्या भट्टीचा भाग मिळाला.

या पार्श्वभूमीवर १९७४ मध्ये दायमाबाद येथे एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्यास झुडपाच्या मुळाशी सापडलेला चार ब्राँझ शिल्पांचा निधी विस्मयकारक ठरला. त्यांत उभ्या सारथ्यासह बैलजोडीचा दुचाकी रथ (लांबी सु. ४५ सेंमी.), रेडा (उंची सु. ३१ सेंमी.), हत्ती (उंची सु. २५ सेंमी.) व गेंडा (उंची सु. १९ सेंमी.) यांचा समावेश आहे. चारही शिल्पे मुळात चाकांवर फिरणारी होती. हत्तीची चाके मात्र उपलब्ध नाहीत. ती भरीव ओतलेली असून त्यांचे एकूण वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. ती मधूच्छिष्ट पद्धतीने केलेली असावीत. या पद्धतीत मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर मातीचे लेप देतात, ती तापवून मेण वाहून जाऊ देतात आणि रिकाम्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. प्रत्येक साचा फोडावाच लागत असल्यामुळे चुकीला वाव नसतो. तांब्याच्या दुर्भिक्ष्याच्या प्रदेशात एवढा धातू भरीव ओतकामासाठी खर्च होणे, हे त्या समाजाच्या किंवा त्यातील एखाद्या समर्थ गटाच्या संपन्नतेचे गमक आहे.

या शिल्पांच्या काळाविषयी एकमत नाही. देशपांडे, राव व साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली आहेत. धर्मपाल अगरवाल यांनी धातुपृथक्करणात १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळल्याकडे लक्ष वेधले. ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असा मिश्रधातू मिळत नसल्याने ही शिल्पे ऐतिहासिक काळातील असावीत, असे त्यांचे मत आहे. निधी शास्त्रीय उत्खननात, विशिष्ट थरात मिळालेला नसल्यामुळे हा वाद केवळ थरांच्या आधारे मिटविता येत नाही.

लोकदर्शनाची वाटचाल : प्राचीन कौशल्ये पुन्हा करून पाहण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. फ्रान्समध्ये फ्रांस्वा बोर्द व अमेरिकेत डॉन क्रॅबट्री यांनी दगडी अवजारे स्वतः घडवून दाखविली. डेन्मार्कमध्ये लायर येथे १९६४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये बटसर येथे १९७२ मध्ये प्राचीन घरे व शेती यांचे प्रयोग करणारी केंद्रे निघाली. ती पुढे लोकांच्या भेटीची आवडती ठिकाणे झाली. भारतात सांकळियांनी १९६४ मध्ये पाषाणयुगीन अवजारांची तंत्रे, नावे व संभाव्य उपयोग यांवर ग्रंथ लिहून या विषयाला पाठ्यरूप दिले.

महाराष्ट्रात पुराव्याला जिवंत रूप देण्याचे मोठे कार्य अहमदनगरच्या लगतच्या पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे झाले. घोड नदीकाठच्या या जोर्वेकालीन खेड्याचे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन होऊन घरे, भट्ट्या, धान्य व दफने यांवरून संपूर्ण ग्रामजीवनाचे चित्र उभे करण्यात आले. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय या संशोधनाचे लोकांसाठी असलेले दालन होय. मराठी वाचकांपर्यंत हे ज्ञान नेण्याच्या प्रयत्नांत सांकळिया व म. श्री. माटे यांनी संपादिलेल्या महाराष्ट्रातील पुरातत्त्व (१९७६) या ग्रंथाचा निर्देश करावा लागेल.

सार्वजनिक कार्यक्रमांना निश्चित दिवसांची जोड पुढे मिळाली. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. १८ एप्रिल या जागतिक वारसा दिनास यूनेस्कोने १९८३ मध्ये मान्यता दिली. भारतात १९ ते २५ नोव्हेंबर या वारसा सप्ताहात प्रदर्शने, व्याख्याने व स्थळदर्शने योजतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून प्रदर्शनाची बस गावोगावच्या शाळांपर्यंत नेण्यास प्रारंभ केला. अहमदनगर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागदपत्रे, नाणी व शस्त्रे यांचा संग्रह आहे. तो मुख्यतः मध्ययुग व नंतरचा काळ यांचे दर्शन घडवितो.

मूल्यमापन : जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरावस्तू, म्हणजे दायमाबादची शिल्पे, जिल्ह्याबाहेर आहेत. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्यान्वये सापडलेला निधी जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे आणि अशा मौल्यवान वस्तू मोठ्या संग्रहालयांत सुरक्षित राहतात, हेही खरे. परंतु त्यामुळे प्रवराकाठच्या शेतकऱ्याला आपल्या पांढरीचे महत्त्व डोळ्यांनी दिसत नाही. पांढरीची माती कसदार असते. ती शेतात नेऊन घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नदीची धूप व नांगर यांबरोबरच या रीतीनेही पुरातन टेकाडांचा क्षय होतो. खापराचा तुकडा काय सांगतो हे ज्याने एकदा पाहिले, तो माती खणताना थांबण्याचा संभव अधिक. या दृष्टीने लोकदर्शन हे संरक्षणाचेच एक साधन ठरते.

त्यासाठी मूळ वस्तू हलविण्याची गरज नाही. पाते कसे निघते, तोटी कशी जोडतात, मेण वाहून गेल्यावर धातू कसा उतरतो, हे गावातील कुंभार व ओतारी यांच्या साहाय्याने दाखविता येते. मात्र दोन मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. आजच्या कारागिराची रीत हीच तीन हजार वर्षांपूर्वीची रीत, असे समीकरण मांडता येत नाही. जोर्वे वस्त्या या खोऱ्यात इ. स. पू. सु. १००० च्या सुमारास उजाड झाल्या आणि परंपरेत दीर्घ खंड पडला. प्रयोगाने एखादी वस्तू एका पद्धतीने करता येते एवढेच सिद्ध होते. ती तशीच केली गेली होती याला उत्खननातील टाकाऊ माल, भट्ट्या व पृथक्करण यांचा दुजोरा लागतो. दुसरी मर्यादा गौरवाची. दायमाबादच्या रथाविषयी सांगताना त्याच्या काळाचा वाद वगळल्यास कौतुक वाढते, पण ज्ञान घटते. शंका व तिची कारणे प्रेक्षकांपुढे ठेवणे हा लोकदर्शनाचाच भाग होय. कारण पुरावा कसा तोलावा, हेही एक कौशल्यच आहे आणि ते शिकविण्यास प्रवरेच्या काठाइतके समृद्ध क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच असेल.