बंदिस्त पाण्यात पायांची शिस्तच तारक

किहीम, प्रतिनिधी : किहीमच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग दिसतात, मात्र खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे येथील पाण्याचा तळ क्वचितच नजरेस पडतो. साहजिकच स्कूबा डायव्हिंगचे हौशी मालवण-तारकर्लीची वाट धरतात. सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ तर, नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आखण्यात आली. बुडालेली नौका असो वा जलमग्न गुहा, डोक्यावर छत असेल तेथे संकटसमयी थेट वर येता येत नाही. म्हणूनच तेथे पाय कसे मारावेत, हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

नवशिक्यांना प्रथम 'फ्लटर किक' शिकवतात. यात पाय आळीपाळीने वरखाली हलतात. मोकळ्या पाण्यात ही पद्धत उपयुक्त असली, तरी फिनने खाली ढकललेले पाणी तळाचा गाळ उसळवते. क्षणात दृश्यता शून्यावर येते आणि परतीची वाट हरवते.

यावर उपाय म्हणजे 'फ्रॉग किक'. शरीर आडवे, गुडघे काटकोनात वाकलेले आणि तळवे बाहेर वळवून पाणी मागे लोटायचे. त्यानंतर काही क्षण नुसते तरंगत पुढे सरकायचे. या विश्रांतीमुळे हवाही वाचते. जागा अरुंद असल्यास केवळ घोट्यांच्या हालचालीवर हीच किक लहान करून मारतात. जागच्या जागी वळण्यासाठी 'हेलिकॉप्टर टर्न', तर मागे सरकण्यासाठी 'बॅक किक' वापरतात. यांपैकी बॅक किक शिकण्यास सर्वांत अवघड मानली जाते. पाय मारणेही धोक्याचे असेल, तेथे बोटांच्या टोकांनी खडकाचा आधार घेत पुढे सरकतात.

अर्थात, शरीराचा समतोल आणि तरंगण्यावरील ताबा नसेल, तर कोणतीही किक निरुपयोगी ठरते. बाहेरपर्यंत अखंड मार्गदर्शक दोरी, किमान तीन दिवे आणि हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी व उरलेला राखीव, हे गुहा-डायव्हिंगचे मूलभूत नियम आहेत.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २०१८ साली १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही पोहोचले होते. सर्वांची सुटका झाली. परंतु हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना थायलंडच्या नौदलाचे माजी कमांडो समन कुनान यांना प्राण गमवावे लागले. प्रशिक्षित माणसालाही बंदिस्त पाणी क्षमा करीत नाही. त्यामुळे सर्वसाधारण स्कूबा प्रमाणपत्राच्या बळावर गुहेत वा नौकेच्या पोटात शिरू नये. मात्र फ्रॉग किक प्रत्येकाने जरूर शिकावी. मालवणच्या प्रवाळांनाही फिनच्या तडाख्यापासून तेवढेच अभय मिळेल.