‘अडू’ : क्रियापदातून घडलेले नाम

‘अडू’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ गडबड, खटाटोप किंवा निष्कारण गाजावाजा. त्याचे मूळ उत्तर इंग्लंडच्या मध्ययुगीन बोलीत आहे. तेथे ‘करणे’ या अर्थी ‘अ‍ॅट डू’ म्हणत. स्कँडिनेव्हियन वळणाचे हे ‘अ‍ॅट’ प्रमाण इंग्रजीतील ‘टू’चे काम करी. पुढे दोन्ही पदे जुळून नाम बनले आणि ‘पुष्कळ करायचे आहे’ या भावातून त्रास, गडबड असे अर्थ निघाले. १६०० साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या सुखात्मिकेच्या नावात तो आढळतो. आज तो मुख्यतः ‘विदाउट फर्दर अडू’, म्हणजे ‘अधिक वेळ न दवडता’, या वाक्प्रचारात टिकून आहे. मराठीतील ‘उठाठेव’ही क्रियापदांतूनच घडलेली आहे.