गृहस्थाचे यश : तुकोबांच्या एका अभंगाचे भाष्य

आयुष्य सफल झाले असे कोणाचे म्हणावे, याचे उत्तर तुकोबांनी एका अभंगात सहा कडव्यांत दिले आहे. चोख व्यवहाराने धन जोडणाऱ्या गृहस्थाचा हा अभंग महाराष्ट्रात अनेकांना तोंडपाठ आहे. तो वाचताना सांगणाऱ्याचे आयुष्य ध्यानात ठेवावे. तुकोबा देहूच्या व्यापारी घरातले. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगात सांगितले आहे. म्हणजे धन येते कसे आणि जाते कसे, हे दोन्ही पाहिलेला माणूस इथे बोलतो आहे.

कडवे पहिले. धन सचोटीने मिळवावे आणि मन न गुंतवता खर्चावे, असे हे कडवे सांगते. सर्वस्व गमावलेल्या माणसाने धनाची निंदा केली असती तर ती समजण्यासारखी होती. तुकोबा मात्र मिळवण्यापासूनच सुरुवात करतात. किती मिळवावे, याचा आकडा ते देत नाहीत. अट आहे ती मार्गाची. रचनाही अर्थाला धरून आहे. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. इथे दुसऱ्या चरणात मिळवण्याची रीत आहे, तिसऱ्यात खर्चण्याची वृत्ती. यमकाने त्या दोहोंची गाठ बांधली आहे. एक पाळून दुसरी सोडली तर हे कडवे आचरणात उतरत नाही.

कडवे दुसरे. असा माणूसच उत्तम गतीला जातो, त्यालाच उत्तम जन्म लाभतो, असे फळ इथे सांगितले आहे. पण अभंग फळापाशी थांबत नाही. पुढच्या तीन कडव्यांत हा माणूस ओळखावा कसा, त्याची लक्षणे येतात. चोख हिशेब ही सुरुवात झाली. माणसाची पारख पुढे आहे.

कडवे तिसरे. तो परोपकारी असतो, परनिंदा त्याला ठाऊक नसते, परस्त्री त्याला बहीण किंवा आई असते. या तिन्ही गोष्टी एकत्र का आल्या? संपत्तीबरोबर दुसऱ्यावर सत्ता येते. कोणाचे अडलेले काम करणे वा न करणे, कोणाचे नाव राखणे वा घालवणे, कोणाच्या असहायतेचा फायदा घेणे, हे पैसेवाल्याच्या हातात असते. त्या हाताला इथे मर्यादा घातली आहे. स्वतःच्या बढतीसाठी सहकाऱ्याचे नाव खराब करणारा माणूस या कडव्यातच नापास होतो.

कडवे चौथे. भूतदया, गाईगुरांचे पालन आणि रानात तहानेल्याला पाणी. अभंगातले सर्वांत करुण कडवे हेच. गावातल्या पाणपोईवर पुण्य दिसते. रानात ते पाहायला कोणी नसते. तहानेला कोण, माणूस की जनावर, कोणत्या जातीचा, हेही तुकोबा सांगत नाहीत. तहान एवढीच त्याची ओळख. दुष्काळात आधी चारा-पाणी संपते, गुरे मरतात, मग माणसे. ते भोगलेल्या माणसाने यशाच्या व्याख्येत पाणी घातले आहे, हे विसरता कामा नये.

कडवे पाचवे. शांत स्वभावामुळे तो कोणाचे वाईट करत नाही आणि वाडवडिलांची थोरवी वाढवतो. वडिलांच्या नावावर मोठे होणे सोपे. त्यांचे नाव आपल्या वागण्याने मोठे करणे अवघड. देहूचे विठ्ठल मंदिर तुकोबांच्या पूर्वजांचे, विश्वंभरबुवांचे, असे परंपरा सांगते. ते मोडकळीला आले होते आणि तुकोबांनी ते दुरुस्त केले. व्यापार बुडाल्यानंतरचे हे काम. म्हणजे थोरवी वाढवायला भरलेली तिजोरी लागते, असे नाही.

कडवे सहावे. गृहस्थाश्रमाचे फळ हेच, आणि परमपद मिळते वैराग्याच्या बळावर. वरवर पाहता संसार आणि वैराग्य इथे वेगळे झालेले दिसतात. पण पहिल्या कडव्यात खर्च करताना जी अलिप्तता सांगितली, तीच इथे पूर्ण वाढीला आली आहे. मिळवलेले सोडता येणे, ही वैराग्याची पहिली तालीम. ती दुकानात, शेतात, कचेरीत बसूनही करता येते. त्यासाठी घर सोडावे लागत नाही.

सहाही कडव्यांत पद, किताब, घराचा आकार यांचा उल्लेखही नाही. मिळकत शुद्ध असावी, खर्च मोकळा असावा आणि आपल्या असण्याने कोणाची तरी तहान भागावी, एवढीच कसोटी आहे. ती श्रीमंताला सवलत देत नाही आणि गरिबाला वगळत नाही. आपल्या मुलांना किती कमावतोस असे विचारण्याआधी कसे कमावतोस आणि कोणासाठी खर्चतोस, हे आपण विचारू लागलो, तर हा अभंग पाठ केल्याचे सार्थक होईल.