पक्षाघाताचा ‘नव’ काल : एक विचार

गेवराई तालुक्यांतील गोदातीरचें राक्षसभुवन इतिहासज्ञांस अपरिचित नाहीं. १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामअल्लीखानाच्या फौजेचा तेथें मोड केला व दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. निजामअल्ली पुढें चाळीस वर्षें जगून १८०३ सालीं वारला. परंतु उतारवयांत त्यास अर्धांगवायूनें गांठलें. रणांतून सुटलेल्या पुरुषास या व्याधीनें सोडलें नाहीं. या व्याधीविषयीं जुन्या ग्रंथांत काय आहे व आज काय साधलें आहे, हें येथें पाहण्याचें योजिलें आहे.

प्रकुपित वायु धमनींत शिरून देहाचा एक पक्ष हत करतो, असें सुश्रुताच्या निदानस्थानांत पहिल्या अध्यायीं आहे. चरकाच्या चिकित्सास्थानांत २८ व्या अध्यायीं वाणी खुंटण्याचाही उल्लेख आहे. ‘धमनी’ हा शब्द पाहून, रक्तवाहिनींतील अडथळा पूर्वाचार्यांस ठाऊक होता असें अनुमान कोणी काढील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. त्या वचनांत संचार वायूचा आहे. गोठलेल्या रक्ताची गांठ मेंदूच्या रोहिणींत अडकते, ही कल्पना तेथें नाहीं. रक्तस्रावाप्रमाणेंच रोहिणी बंद पडणें हेंही या झटक्याचें कारण असूं शकेल, असें वेप्फर या स्विस वैद्यानें १६५८ सालीं मांडलें. आणि गांठ एके ठिकाणीं सुटून दुसरीकडे अडकते, हें एकोणिसाव्या शतकांत विर्खो यानें दाखविलें.

तथापि चरकाच्या त्याच अध्यायांतील एक गोष्ट आजही खरी आहे. पक्षाघातादि रोग यत्नानें बरे होतात किंवा होतही नाहींत. म्हणून ते नव असतां, रोगी बलवान व उपद्रवरहित असतां, साधावे असें तेथें सांगितलें आहे. ‘नव’ म्हणजे किती, हें मात्र तेथें नाहीं.

तें माप आतां मिळालें आहे. मोठी रोहिणी बंद असतां मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी मरतात. १९२७ सालीं लिस्बन येथें मोनिझ यानें मेंदूच्या रोहिण्यांचें क्षकिरणचित्र प्रथम घेतलें. त्या वाटेनें पुढें जाऊन आज जांघेंतील किंवा मनगटांतील रोहिणींतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात व तारेच्या जाळीनें गांठ ओढून किंवा शोषून काढतात. तत्पूर्वीं रक्तस्राव नाहीं, हें चित्र काढून पाहावें लागतें. हॉलंडांतील ५०० रोग्यांवरील परीक्षेचा निकाल २०१५ सालीं छापला गेला. तींत सहा तासांच्या आंत हा उपाय आरंभिलेल्यांपैकीं शेंकडा ३३, व तो न केलेल्यांपैकीं शेंकडा १९, तीन महिन्यांनीं स्वतंत्रपणें वावरूं लागले होते. निवडक रोग्यांत ही मुदत २४ तासांपर्यंत नेतां येते, असें २०१८ सालीं दिसून आलें.

गेवराईहून छत्रपती संभाजीनगर सुमारें ९५ किलोमीटर आहे. म्हणजे दीड-दोन तास वाटेंतच जाणार. तेव्हां तोंड वांकडें झालें, हात गळाला, शब्द बोबडा निघाला, कीं तेल चोळीत सकाळची वाट पाहणें हेंच घातक होय. वैद्य प्रथम विचारतात, रोगी शेवटीं धडधाकट केव्हां दिसला होता? मितीवांचून पत्राचा काल ठरवितांना किती श्रम पडतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. येथें तर ती मिति घरच्या माणसासच सांगावयाची असते. तेवढी घटिका ध्यानांत ठेवावी व रोग्यास तत्काळ हलवावें, एवढीच विनंति.