वळिवड्यातील पोलंड : पंचगंगेकाठी जपलेली एक परंपरा

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे नावाचे लहानसे स्थानक आहे. त्याच्या परिसरातील गांधीनगरची वसाहत आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी ती वसवली आणि आपल्या उद्यमशीलतेने नावारूपाला आणली. या जागेवर त्यांच्याआधीही निर्वासितांचेच एक गाव नांदत होते. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, सहकारी भांडार असे सर्व काही असलेले हे गाव म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातील एक छोटे पोलंडच होते. युद्धाने देशोधडीला लागलेल्या या लोकांनी आपली भाषा, सण, नृत्ये आणि लोककला परमुलखात कशी जपली व यजमानांपुढे कशी मांडली, हा सांस्कृतिक इतिहासातील एक लक्षणीय अध्याय आहे.

सायबेरियाहून सह्याद्रीकडे

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्यानंतर १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून त्या देशात शिरल्या. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर १९४० आणि १९४१ मध्ये तेथील लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील श्रमवसाहतींत पाठवण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी त्यांतील असंख्य लोकांचा बळी घेतला.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटले. लंडनमधील पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी ३० जुलै १९४१ रोजी सोव्हिएत सरकारशी करार केला. त्यानुसार या बंदिवानांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य इराणमध्ये आले. त्याच्यासोबत सैनिकांची कुटुंबे आणि अनाथ मुलेही आली. सैनिक पुढे मध्यपूर्वेत व इटलीच्या आघाडीवर गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांच्यासाठी मात्र आश्रय शोधणे भाग होते. पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको यांबरोबर भारतानेही त्यांना जागा दिली.

भारतात सर्वप्रथम पुढाकार घेतला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ मध्ये त्यांनी पोलिश मुलांसाठी वसाहत उभारली. त्यानंतर मोठ्या संख्येने येणाऱ्या कुटुंबांसाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची निवड झाली. छत्रपती राजाराम महाराजांचे नोव्हेंबर १९४० मध्ये निधन झाल्याने त्या वेळी संस्थानचा कारभार रीजन्सीकडे होता. समशीतोष्ण हवा, मुबलक पाणी आणि लगतचा लोहमार्ग या गोष्टी जागेच्या पथ्यावर पडल्या. १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली, तेव्हा तेथे उरलेली मुलेही वळिवड्याला आणण्यात आली.

शाळा हाच कणा

छावणी म्हटले की तंबू, रांगा आणि शिधावाटप डोळ्यांपुढे येते. वळिवड्याचे वैशिष्ट्य असे, की तेथे पहिल्यापासून शाळेला अग्रक्रम मिळाला. बालवर्ग, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा व उच्च माध्यमिक वर्ग अशी पोलंडमधील शिक्षणपद्धतीच येथे उभी राहिली. हस्तव्यवसायाचे शिक्षण होते आणि शिक्षक तयार करणारा वर्गही होता. हा वर्ग आवश्यकच होता, कारण सुशिक्षित पोलिश पुरुषांपैकी असंख्य जण मारले गेले होते किंवा सैन्यात होते.

अनेक मुलांची दोन-तीन वर्षे शाळेविना गेली होती. सोव्हिएत वसाहतींत पोलिश भाषेतून शिकण्याची सोय नव्हती. काही लहान मुलांना तर आपला देश आठवतही नव्हता. त्यामुळे पोलिश भाषा, इतिहास आणि भूगोल हे विषय केवळ परीक्षेपुरते राहिले नाहीत. पाठ्यपुस्तकांचा तुटवडा मोठा होता. मध्यपूर्वेत पोलिश सैन्याच्या शिक्षण विभागाने छापलेली पुस्तके निर्वासितांच्या शाळांना उपयोगी पडली. मुंबईहून निघणारे 'पोलाक व इंदियाख', म्हणजेच 'भारतातील पोलिश माणूस', हे नियतकालिक भारतभर विखुरलेल्या पोलिश समाजाला जोडून ठेवी.

शाळेला बालवीर चळवळीची भक्कम जोड होती. पोलंडमध्ये ही चळवळ देशाच्या स्वातंत्र्यलढ्याशी निगडित असल्याने तिला तेथे विशेष प्रतिष्ठा आहे. भारतातील पोलिश बालवीरांचे नेतृत्व काही काळ झ्जिस्वाव पेश्कोव्स्की या तरुण अधिकाऱ्याने केले. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांची कातिन येथे व अन्यत्र हत्या केली. त्यातून बचावलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांत पेश्कोव्स्की होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या बळींची स्मृती जागवण्यात त्यांनी आयुष्य वेचले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सण, नृत्य आणि कागदाची नक्षी

वळिवड्यातील सांस्कृतिक जीवन समजून घ्यायचे, तर पोलिश परंपरेतील काही ठळक गोष्टींची ओळख आवश्यक आहे. त्यांतील अनेक गोष्टी मराठी वाचकाला परक्या वाटणार नाहीत.

नाताळची पूर्वसंध्या, म्हणजे 'विगिल्या', हा पोलिश कुटुंबाचा सर्वांत महत्त्वाचा सण होय. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर भोजनाला आरंभ होतो. मेजावरील वस्त्राखाली वाळलेले गवत पसरतात. 'ओप्वातेक' नावाची पिठाची पातळ पापडी मोडून प्रत्येक जण दुसऱ्याला देतो व शुभेच्छा व्यक्त करतो. परंपरेने बारा पदार्थ केले जातात आणि ते सामिष नसतात. मासे मात्र चालतात. मेजावर एक आसन अनपेक्षित पाहुण्यासाठी रिकामे ठेवण्याचा रिवाज आहे. अतिथीला देव मानणाऱ्या देशात पोलिश मुलांनी हा सण साजरा केला, तेव्हा तो अनपेक्षित पाहुणा ती स्वतःच होती.

नाताळात ख्रिस्तजन्माचे नाट्यप्रयोग होतात. त्यांना 'यासेल्का' म्हणतात. शाळकरी मुलांनी ते करण्याची प्रथा जुनी आहे. क्राकोव शहरात या प्रसंगाचे देखावे चमचमत्या रंगीत कागदांनी सजवून राजवाड्यासारखे उभारतात. देखाव्यांची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

ईस्टरला मेण आणि रंग यांच्या साहाय्याने अंड्यांवर नक्षी काढतात. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, 'श्मिगुस-दिंगुस' हा एकमेकांना पाण्याने भिजवण्याचा खेळ रंगतो. आपल्याकडील रंगपंचमीची आठवण यावी असाच हा प्रकार आहे. जूनमध्ये संत योहानाच्या पूर्वरात्री मुली फुलांच्या कड्यात मेणबत्ती लावून ते नदीत सोडतात. द्रोणातले दिवे पाण्यावर सोडणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना सहज उमगेल. सुगीच्या अखेरीस धान्याच्या लोंब्यांचा मुकुट गुंफून मिरवण्याचा उत्सवही शेतकरी समाजाचा आहे. घड्या घातलेला रंगीत कागद कात्रीने कापून कोंबडे, फुले, झाडे यांची नक्षी साकारण्याची 'विचिनान्की' ही लोककला वोविच आणि कुर्पिए या प्रदेशांत विशेष बहरली.

पोलंडची राष्ट्रीय नृत्ये पाच मानली जातात : पोलोनेझ, माझुर, क्राकोव्याक, कुयाव्याक आणि ओबेरेक. जोडीजोडीने संथ, डौलदार चालत केले जाणारे पोलोनेझ हे समारंभाचे नृत्य आहे. शालान्त परीक्षेला शंभर दिवस उरले असता होणाऱ्या शाळेच्या समारंभाचा आरंभ आजही याच नृत्याने होतो. फ्रेडरिक शोपँ या विख्यात संगीतकाराने पोलोनेझ व माझुर्का या प्रकारांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. २०२३ मध्ये पोलोनेझही युनेस्कोच्या यादीत दाखल झाले.

छावणीतील नाट्यगृहात आणि शाळेच्या कार्यक्रमांत हे सारे सजीव होई. ३ मे हा १७९१ च्या पोलिश राज्यघटनेचा स्मरणदिन आणि ११ नोव्हेंबर हा स्वातंत्र्यदिन समारंभपूर्वक पाळले जात. क्राकोवचा रंगीबेरंगी पोशाख पोलंडहून कोणी आणलेला नव्हता. हाती असेल त्या कापडातून आयांनी व शिक्षिकांनी तो शिवायचा होता. राष्ट्रीय पोशाखातील पोलिश मुलांसमवेतची जामसाहेबांची बालाचडी येथील छायाचित्रे हे या सांस्कृतिक देवघेवीचे बोलके पुरावे आहेत.

देवघेव दोन्ही बाजूंनी

ही छावणी कुंपणाआडची परकी वस्ती राहिली नाही. भाजी, फळे, दूध, कापड विकणारे परिसरातील लोक तेथे नित्य येत. व्यवहारापुरते पोलिश शब्द त्यांच्या तोंडी बसले, तर पोलिश मुले मराठी आणि हिंदी शब्द शिकली. कोल्हापूरची बाजारपेठ, महालक्ष्मीचे मंदिर, पन्हाळा या ठिकाणांच्या आठवणी अनेक पोलिश लेखनांत आढळतात. एका पोलिश तरुणीने कोल्हापुरात विवाह केला आणि ती येथेच स्थायिक झाली.

वैचारिक पातळीवर हा सेतू बांधण्याचे श्रेय वांदा दिनोव्स्का यांच्याकडे जाते. थिऑसॉफीच्या ओढीने १९३५ मध्ये भारतात आलेल्या या विदुषीला महात्मा गांधींनी 'उमादेवी' हे नाव दिले. त्यांनी भगवद्गीतेचा पोलिश अनुवाद केला. १९४४ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या सहकार्याने त्यांनी 'पोलिश-भारतीय ग्रंथमाला' सुरू केली. पोलंडला भारत दाखवावा आणि भारताला पोलंड, हे तिचे उद्दिष्ट होते.

फ्रीडमन हे मूळचे वॉर्सोचे अभियंता. महाराष्ट्राशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये प्रजेकडे सत्ता सोपवणारी राज्यघटना अमलात आली, त्या प्रयोगात त्यांचा मोलाचा वाटा होता. मुंबईतील निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून ती १९७३ मध्ये जगापुढे ठेवण्याचे कार्यही त्यांचेच.

परतीची वाट बंद

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहणार हे स्पष्ट झाले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे याच पूर्व भागातील होती. युद्ध संपले होते, पण ज्या गावी परतायचे ते गाव आता दुसऱ्या देशात गेले होते. अशा वेळी शाळेत शिकवलेली भाषा आणि रंगमंचावरील नृत्य एवढीच मायभूमी त्यांच्यापाशी उरली. छावणीतील शिक्षणाचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे लागते.

१९४७ व १९४८ मध्ये रहिवासी टप्प्याटप्प्याने बाहेर पडले. बरेच जण सैन्यातील नातलगांच्या मागोमाग ब्रिटनला गेले. काही पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा येथे स्थिरावले, तर काही पोलंडला परतले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. येथेच मृत्यू पावलेल्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

स्मृतीचे जतन

पुढे लंडनमध्ये माजी रहिवाशांनी 'भारतातील पोलिश जन १९४२-४८' ही संघटना स्थापन केली. तिचे मेळावे भरले आणि दस्तऐवज व आठवणी यांवर आधारित बृहद्ग्रंथही सिद्ध झाला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभारण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा काही वयोवृद्ध माजी रहिवासी पोलंड व अन्य देशांतून आवर्जून उपस्थित राहिले. वॉर्सो शहरातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. त्याच दौऱ्यात दरवर्षी वीस पोलिश युवकांना भारतभेटीसाठी निमंत्रित करणारा, जामसाहेबांच्या नावाचा युवा आदानप्रदान कार्यक्रम जाहीर झाला.

निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी एकत्र शिकावे व आपापली संस्कृती एकमेकांपुढे मांडावी, हा विचार आज महाराष्ट्राला नवा नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून एक आंतरराष्ट्रीय निवासी महाविद्यालय याच तत्त्वावर चालते. स्वेच्छेने आलेल्या अशा विद्यार्थ्यांसाठी परंपरेचे सादरीकरण हा आनंदाचा प्रसंग असतो. वळिवड्याच्या मुलांसाठी ते आपण कोण आहोत हे न विसरण्याचे साधन होते.

छावणीच्या बहुतेक बराकी आता उरलेल्या नाहीत आणि तेथे बालपण घालवलेली पिढीही अस्तंगत होत आहे. मौखिक आठवणी, छायाचित्रे, शाळेच्या वह्या, स्थानिक वृद्धांच्या ओठांवरचे पोलिश शब्द यांची नोंद करण्यास आता फारच थोडा अवधी आहे. एकाच जागेने दोन देशांच्या निर्वासितांना पाठोपाठ आसरा दिल्याचे उदाहरण विरळा. विगिल्याच्या मेजावरील रिकाम्या आसनाचा अर्थ वळिवड्याने आचरणातून सांगितला आहे.