जॅक (ध्वनी-सर्व्हर)

जॅक ऑडिओ कनेक्शन किट, संक्षेपाने जॅक, हा संगणकावरील एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्या प्रोग्रामकडे अत्यल्प विलंबाने पोहोचवणारा मुक्तस्रोत ध्वनी-सर्व्हर आहे. त्याची मूळ निर्मिती 'आर्डर' या ध्वनिमुद्रण-प्रोग्रामचे कर्ते पॉल डेव्हिस यांनी केली. लिनक्सवर संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत तो विशेष प्रचलित आहे.

== रचना ==
जॅकला जोडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आवाज बाहेर देणारी व आत घेणारी द्वारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. शेतात दारे धरणारा शेतकरी पाटाचे पाणी हव्या त्या वाफ्यात वळवतो, तसा वापरकर्ता येथे आवाज वळवतो. एका आगमद्वाराला अनेक निर्गमद्वारे जोडल्यास त्यांचे आवाज आपोआप एकत्र मिसळतात. सर्व प्रोग्रामांना नमुनादर मात्र एकच पाळावा लागतो.

== आवाज न पोहोचण्याची कारणे ==
ध्वनिमुद्रण कोरे निघाले की नवशिका प्रथम मायक्रोफोनला दोष देतो. दोष पुष्कळदा जोडणीत असतो. 'क्यूजॅककंट्रोल'सारख्या साधनात जोडण्यांचा आलेख दिसतो; तो आधी पाहावा.

प्रोग्राम आलेखात दिसतच नसेल, तर तो जॅकला जोडलेला नाही. आर्डर सुरू करताना ध्वनिप्रणाली म्हणून 'अल्सा' निवडली गेल्यास नेमके हेच घडते. शिवाय आर्डर ध्वनिकार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मग जॅकला ते 'व्यग्र' आढळते. 'ऑडॅसिटी'ची द्वारे बहुधा वादन किंवा मुद्रण चालू असतानाच प्रकट होतात. ती आधी शोधणाऱ्याला सापडत नाहीत, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

वीम टायमन्स यांनी विकसित केलेला 'पाइपवायर' हा सर्व्हर जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रामही चालवतो. फेडोरा ३४ (२०२१) पासून त्या वितरणात आवाजासाठी तोच मूलतः योजलेला आहे. मूळ जॅक आणि पाइपवायर एकाच वेळी चालू राहिल्यास काही प्रोग्राम एकाला, तर काही दुसऱ्याला जोडले जातात आणि परस्परांना दिसत नाहीत. अशा वेळी दोहोंपैकी एकच ठेवावा. पाइपवायर ठेवल्यास आज्ञेच्या आधी 'पीडब्ल्यू-जॅक' जोडून प्रोग्राम सुरू करता येतो.

== तडतड आणि विलंब ==
आवाज येतो पण तडतडतो, तेव्हा ठरलेल्या वेळेत संगणकाचे काम पुरे झालेले नसते. या चुकीला 'एक्सरन' म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा एक हप्ता सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. हप्ता ५१२ नमुन्यांचा केल्यास संगणकाला दुप्पट अवधी मिळतो, पण विलंबही दुप्पट होतो. आधी मुद्रित केलेल्या वाद्यांचे मिश्रण करताना तो खपतो. कानाला हेडफोन लावून गाणाऱ्याला मात्र स्वतःचाच स्वर मागे पडल्यासारखा वाटतो.